आकडे कमी, सूर जास्त: चवथीसाठी जुन्या मालिकांची प्रश्नमंजूषा

फोंड्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात: ‘चवथीला आमच्या मूळ घरी चाळीसेक माणसे जमतात. अर्धी मुंबई-पुण्याची, अर्धी गोव्यातली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरातच काहीतरी कार्यक्रम असतो. गेल्या वर्षी दिरांनी दूरदर्शनच्या जुन्या मालिकांवर प्रश्नमंजूषा घेतली. अर्ध्या तासात ‘हम लोग’चे भाग किती यावरून दोन काकांचे वाजले, आणि तोवर मुले मोबाईल घेऊन सोप्यावर निघून गेली होती. यंदा जबाबदारी माझ्यावर आली आहे. शिवाय माळ्यावर मामंजींच्या बारा-पंधरा व्हिडिओ कॅसेट सापडल्या. वर मालिकांची नावे लिहिली आहेत, पण आत पांढरे काहीतरी धरले आहे. त्यातले काही दाखवता येईल का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी वाद झाला त्यात काकांचा दोष नाही, प्रश्नाचाच आहे. ‘हम लोग’च्या भागांची संख्या कुठे 154 छापली आहे, कुठे 156. दोघेही कुठेतरी वाचलेलेच सांगत होते. पण समजा आकडा पक्का असता, तरी प्रश्न वाईटच होता. मालिका बघताना भाग कोणी मोजत नव्हते. ज्याला येते तो सांगतो, बाकीचे एकोणचाळीस जण गप्प बसतात आणि उत्तर कळल्यावर पुढे बोलायला काही उरत नाही.

तीच मालिका घ्या आणि विचारा: ‘प्रत्येक भागाच्या शेवटी पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी बोलणारे ज्येष्ठ अभिनेते कोण?’ अशोक कुमार हे नाव निघायच्या आधीच कोणीतरी ‘छन्न पकैया’ म्हणून नक्कल करील, दुसरी बडकी-मझली-छुटकीची आठवण काढील आणि नातवंडे विचारतील, हे कोण? प्रश्न निवडताना हीच कसोटी लावा. उत्तर सांगितल्यावर घरात आवाज वाढला पाहिजे. वाढणार नसेल तर तो प्रश्न कितीही हुशारीचा असला तरी काढून टाका.

आता तुमच्या घरातली एक खास अडचण, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तुमच्याकडची मुंबईची माणसे आणि गोव्यातली माणसे यांचे लहानपणीचे दूरदर्शन एक नव्हते. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले. सत्तरच्या दशकातले त्याचे मराठी कार्यक्रम, म्हणजे ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘आमची माती आमची माणसं’, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ, हे त्या काळी मुंबई-पुण्याच्या टप्प्यात राहणाऱ्यांनीच पाहिले. दिल्लीहून देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम जाऊ लागला तो 15 ऑगस्ट 1982 पासून. त्यानंतरचे ‘हम लोग’, ‘बुनियाद’, ‘रामायण’ मात्र सगळ्यांचे. म्हणून ‘गजरा’वर चार प्रश्न ठेवले की दादरचे भाऊजी चारही मारतात आणि फोंड्याच्या आत्या उगाच अडाणी ठरतात. मुंबई केंद्राचे प्रश्न तीसपैकी चारपेक्षा जास्त नकोत आणि प्रत्येक गटात मुंबईचा निदान एक माणूस हवा.

उत्तरांची खात्री करण्याचे काम कंटाळवाणे वाटेल, पण खरी मेहनत तिथेच घ्या. कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहा: उत्तर, ते कुठे तपासले, आणि आणखी कोणते उत्तर चालेल. नट, लेखक, संगीतकार यांची नावे मालिकेच्या श्रेयनामावलीवरून घ्या. प्रसार भारतीच्या अर्काइव्ह्ज वाहिनीवर बरेच जुने कार्यक्रम यूट्यूबवर आहेत, तिथे सुरुवातीची पाटी थांबवून वाचता येते. तारीख-वार-वेळ हवी असेल तर त्या काळचे वर्तमानपत्र बघा. पणजीत पाटोवर संस्कृती भवनात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तिथे जुन्या गोमंतकीय वर्तमानपत्रांच्या फायली मागा आणि त्या दिवसाच्या अंकात टीव्हीच्या कार्यक्रमांचा रकाना शोधा. इंटरनेटवरची दहा पाने एकमेकांवरून उतरवलेली असतात. ती दहा साक्षी धरू नका, एकच धरा.

वाद कुठे होतात ते आधीच माहीत असलेले बरे. ‘रामायण’ 25 जानेवारी 1987 ला सुरू झाले आणि 31 जुलै 1988 ला संपले, भाग 78. लव-कुशाची कथा असलेले ‘उत्तर रामायण’ ही नंतरची वेगळी मालिका. लोकांच्या आठवणीत दोन्ही एक झालेली असतात आणि मग ‘वाल्मीकींच्या आश्रमाचा भाग तर मी पाहिलाय!’ असे भांडण सुरू होते. लॉकडाऊनमधल्या पुनःप्रसारणाला जगात सर्वाधिक प्रेक्षक मिळाले असेही कोणी ठासून सांगेल. 16 एप्रिल 2020 च्या भागाला 7.7 कोटी प्रेक्षक असा दावा दूरदर्शनने केला होता हे खरे. पण अमेरिकेतल्या ‘मॅश’ या मालिकेच्या 1983 मधल्या शेवटच्या भागाला दहा कोटींहून जास्त प्रेक्षक होते. तेव्हा त्या विक्रमावर प्रश्नच नको.

रंगीत टीव्ही एशियाडपासून आला असे निम्मे लोक सांगतील. एशियाड नोव्हेंबर 1982 मधले. रंगीत प्रक्षेपण त्याच वर्षी 15 ऑगस्टला सुरू झाले होते. एशियाडमुळे रंगीत संच घराघरांत पोचले, म्हणून आठवण तिथे चिकटली आहे. हा प्रश्न घ्यायचाच तर ‘कोणत्या वर्षी?’ एवढाच विचारा, म्हणजे दोन्ही बाजू बरोबर येतात. शाहरुख खानची पहिली मालिका कोणती, यातही तीच गोम आहे. ‘दिल दरिया’चे चित्रीकरण आधी सुरू झाले होते, पण प्रसारण रखडले आणि 1989 मध्ये ‘फौजी’ आधी पडद्यावर आली. प्रश्नात ‘प्रसारित झालेली’ हा शब्द घातला की काम भागते. एकूणच ‘पहिला’, ‘सर्वात’, ‘एकमेव’ हे शब्द प्रश्नात आले की थांबून एकदा विचार करा. पहिली मराठी मालिका कोणती, या वाटेला तर जाऊच नका.

आता फेऱ्या. पाच पुरेत, प्रत्येकीत सहा प्रश्न. सहापैकी दोन सगळ्यांना येतील असे, तीन निम्म्यांना येतील असे, एकच अवघड. अवघड प्रश्न फेरीच्या मध्ये ठेवा. शेवटी ठेवलात तर प्रत्येक फेरी पडलेल्या चेहऱ्यांनी संपते.

पहिली फेरी सुरांची ठेवा आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. चेहरे विसरतात, नावे विसरतात, पण शीर्षकसंगीत ऐंशी वर्षांच्या माणसालाही दोन सेकंदांत ओळखू येते. शिवाय लहान मुलेही निदान ऐकत बसतात. सुरुवात दूरदर्शनच्याच संकेतधुनीने करा. ती पंडित रविशंकर यांची, त्यांच्यासोबत उस्ताद अली अहमद हुसेन खान यांचे नाव घेतले जाते. हिच्या लगेच नंतर आकाशवाणीची धून वाजवा. दोन्ही लागोपाठ ऐकल्या की लोक हमखास गोंधळतात. आकाशवाणीची रचना वॉल्टर कॉफमन यांची, आणि ते मूळचे मध्य युरोपातले हे ऐकून घर चकित होते. पुढे ‘मालगुडी डेज’, संगीत एल. वैद्यनाथन. मालिका शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे गावात चित्रित केली होती, आणि तिकडे पावसात फिरून आलेला कोणीतरी तुमच्याकडे असेलच. ‘ब्योमकेश बक्षी’ची धून आनंद शंकर यांची, ‘सुरभी’ची एल. सुब्रमण्यम यांची. ‘भारत एक खोज’चे सुरुवातीचे गायन ऋग्वेदातले, संगीत वनराज भाटिया यांचे. ते वाजले की घरातले भटजीकाका सूक्ताचे नाव सांगतील. त्यांना सांगू द्या, घाई करू नका.

तुकडे कापताना काय चुकते तेही सांगते. तुकडा आठ ते दहा सेकंदांचा ठेवा. पंधराच्या पुढे गेला की ओळखलेले लोक ओरडतात आणि बाकीच्यांची संधी जाते. उत्तर सांगून झाल्यावर त्याच धूनेचा तीस-चाळीस सेकंदांचा मोठा तुकडा वाजवा, म्हणजे गायला मिळते. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’च्या शीर्षकगीतात मालिकेचे नावच गायले आहे. तो भाग कापून शंखनाद तेवढा घ्या, नाहीतर हरीश भिमानी यांच्या आवाजातले ‘समय’चे निवेदन घ्या. ‘एक अनेक और एकता’ घेतलेत तरी हीच काळजी. (ही छोटी फिल्म 1974 ची, फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी केलेली, संगीत वसंत देसाई यांचे आणि लहान मुलीचा आवाज साधना सरगम यांचा. एवढी मराठी नावे एका जागी क्वचित सापडतात. तिच्यावर दोन प्रश्न केलेत तरी चालतील.)

वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या तुकड्यांचा आवाज कमीजास्त असतो. एक कुजबुजतो, दुसरा किंचाळतो. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सगळे तुकडे एकदम निवडून आवाजाची पातळी सारखी करा. फाइलींना मालिकेची नावे देऊ नका, ती टीव्हीच्या पडद्यावर दिसतात आणि उत्तर आपसूक फुटते. 01, 02 असे आकडेच द्या. ब्लूटूथ स्पीकर थोडा वेळ गप्प राहिला की झोपतो आणि पुन्हा वाजताना पहिला अर्धा सेकंद गिळतो. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक सेकंद शांतता ठेवा, किंवा सरळ वायर लावा. वायर केव्हाही चांगली. सगळे पेन ड्राइव्हवर घ्या, इंटरनेटवर विसंबू नका. चवथीच्या दिवसांत घरी चाळीस मोबाईल एकाच वायफायवर असतात, आणि पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. चार्ज केलेला लॅपटॉप आणि बॅटरीचा स्पीकर असला की अंधारातही सुरांची फेरी चालू राहते. प्रश्नाचा कागद मात्र छापून ठेवा.

दुसरी फेरी माणसांची. इथे मराठी आणि गोव्याचे धागे निवडा. ‘महाभारत’मधली उत्तरा कोण? आपल्या गोव्याच्या वर्षा उसगांवकर. त्याच मालिकेतला मूळचा पशुवैद्य असलेला नट? नितीश भारद्वाज, श्रीकृष्ण. 1966 आणि 1970 च्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचे सुवर्णपदक मिळवणारा? भीम झालेले प्रवीण कुमार. ‘भारत एक खोज’मध्ये शिवाजी महाराजांची भूमिका कोणी केली? नसिरुद्दीन शाह यांनी, आणि औरंगजेब ओम पुरी. हा प्रश्न रंगतो, कारण बहुतेकांना मालिका आठवते आणि नट आठवत नाही. विजय तेंडुलकरांची कोणती मुलगी ग्राहकांच्या बाजूने भांडणारी नायिका म्हणून घराघरांत पोचली? प्रिया, ‘रजनी’. सिनेमात गाजण्याआधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी अभिनेत्री? स्मिता पाटील. इथे कोणी भक्ती बर्वे म्हणाले तर त्यांनाही गुण द्या, त्याही बातम्या वाचत. ‘आणखी कोणते उत्तर चालेल’ हा रकाना यासाठीच ठेवायचा.

या फेरीत एक पद्धत पाळा. प्रत्येक प्रश्नात दोन खुणा द्या, एक मालिकेतली आणि एक बाहेरची. ‘सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी पुढे स्वतःच लिहून-दिग्दर्शित केलेल्या कोणत्या मालिकेत पोलीस अधिकाऱ्याच्या कथेशी जोडल्या गेल्या?’ असे विचारले की ज्याला जाहिरात आठवते तो आणि ज्याला ‘उडान’ आठवते तो, दोघे मिळून कविता चौधरींपर्यंत पोचतात. गटात बोलणे त्यातूनच सुरू होते.

तिसरी फेरी वस्तूंची, आणि मुलांना धरून ठेवायची असेल तर हीच. माळ्यावर, अडगळीत शोधा: अँटेनाची चपटी वायर, व्हिडिओ कॅसेट, स्टॅबिलायझर, चॅनेल बदलायचे गोल बटण. वस्तू हातोहात फिरवा आणि ‘हे काय, कशाला?’ विचारा. चपटी वायर सापडली तर तिच्यावर थांबा. तपकिरी किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीच्या दोन्ही कडांना एकेक तांब्याची तार असते आणि मध्ये बोटाच्या पेराएवढेही नाही इतके अंतर. त्या अंतरावर तिचा 300 ओहमचा संरोध (इम्पिडन्स) ठरतो, म्हणून ती चिमटली, दुमडली किंवा पत्र्याला लागून गेली की चित्र बिघडे. नंतर 75 ओहमची गोल वायर आली आणि दोहोंना जुळवायला मध्ये छोटा बालून बसवू लागले. मुलांना विचारा, पावसाळ्यात चित्राला मुंग्या का येत? अँटेनाच्या जोडाला खारी हवा आणि पाणी लागून तांबे हिरवे पडे, सिग्नल अर्धा तिथेच मरे. आणि एका माणसाच्या बाजूला त्याचीच फिकट सावली का दिसे? सिग्नल डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून क्षणभर उशिरा येई. आजोबांनी कौलांवर चढून ‘आता आलं का?’ का विचारले, ते मुलांना यातून कळते.

जाहिरातींची चौथी फेरी सोपी आहे, तिच्यावर फार डोके खपवू नका. चित्र दाखवा किंवा धून वाजवा आणि वस्तू ओळखायला सांगा. निरमा आणि ओनिडाचा शिंगवाला राक्षस घेतलेत की बाकीच्या घरच्यांनाच सुचतील.

पाचवी फेरी पिढ्या जोडणारी. ‘मोगली’च्या हिंदी मालिकेत शेरखानचा आवाज कोणाचा? नाना पाटेकर. तिचे शीर्षकगीत लिहिणारे आणि संगीतकार? गुलजार आणि विशाल भारद्वाज. मालिका मुळात कोणत्या देशातली? जपान. राम होण्याआधी अरुण गोविल कोणता राजा झाले होते? विक्रम, ‘विक्रम और बेताल’मध्ये, आणि दीपिका चिखलिया, अरविंद त्रिवेदी हेही त्या मालिकेत होते. ‘सुरभी’ची पत्रे इतकी येत की टपाल खात्याला स्पर्धांसाठी वेगळे महागडे पोस्टकार्ड काढावे लागले. ते विचारण्याआधी मुलांना एक कोरे पोस्टकार्ड दाखवा, पुष्कळांनी पाहिलेले नसते.

चाळीस माणसांत सहा-सहांचे सहा गट करा. उरलेले चौघे म्हणजे तुम्ही, गुण मांडणारा, वेळ बघणारा आणि लॅपटॉपवर बसणारा. प्रत्येक गटात पंचावन्नच्या वरचा एक आणि विशीच्या आतला एक हवाच. उत्तरे तोंडी घेऊ नका, चिठ्ठीवर घ्या, आणि लिहायचे काम गटातल्या सर्वांत लहान मुलाला द्या. मग आजी त्याच्या कानात सांगते, तो शुद्धलेखन विचारतो आणि मोबाईल बाजूला राहतो. प्रश्न दोनदा वाचा, ज्येष्ठांकडे तोंड करून, पंखा थोडा हळू करून. मग तीस सेकंद. सहा प्रश्न झाले की चिठ्ठ्या गोळा करा आणि एकेक उत्तर सांगा. एका फेरीला पाच मिनिटे प्रश्नांची आणि सात मिनिटे उत्तरांची, म्हणजे पाच फेऱ्यांना तासभर. ही सात मिनिटे कमी करू नका, कार्यक्रम खरा त्यातच आहे.

वेळ दुपारची, साडेचारच्या सुमारास धरा. संध्याकाळी घुमट आरती सुरू झाली की तिला वेळेचे बंधन नसते, आणि असूही नये. वादासाठी एक वही ठेवा. ज्याला आक्षेप असेल त्याने तो वहीत लिहायचा, गुण मात्र कागदावरच्या उत्तराप्रमाणे. जेवणानंतर तपासून बरोबर निघाला तर गटाला एक गुण वाढवून द्या. आकड्यांचा प्रश्न फक्त बरोबरी सोडवायला ठेवा: ‘महाभारत’चे भाग किती? 94. जो जवळ तो जिंकला. इथे आकडा चालतो, कारण सगळे अंदाजच करतात.

आता कॅसेट. पहिली गोष्ट: त्या व्हीसीआरमध्ये घालू नका. एकही नाही, ‘बघू तरी’ म्हणूनही नाही. आत दिसते ती बुरशी आहे. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून रिळाच्या कडेकडे पाहा. पांढरे धागे किंवा पावडरीसारखा थर असेल तर तीच. गोव्याच्या दमट हवेत माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटचे असेच होते. एक बुरशीची कॅसेट चालवली की ती व्हीसीआरच्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटमध्ये उतरते. शिवाय थर एकमेकांना चिकटलेले असले तर फीत फाटते.

बुरशीच्या आणि स्वच्छ अशा दोन वाटण्या करा. बुरशीच्या कॅसेट घट्ट झाकणाच्या वीस-पंचवीस लिटरच्या प्लास्टिक डब्यात अर्धा किलो सिलिका जेलसोबत दोन-तीन आठवडे ठेवा. रंग बदलणारे जेल घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येते. उन्हात कॅसेट वाळवू नका, फीत वाकते. वाळली की बुरशी ठिसूळ होते. मग अंगणात, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने वरचे झाडा. आतली सफाई मात्र जाणकाराकडून करून घ्या. त्यासाठी खालचे पाच स्क्रू काढून कवच उघडावे लागते आणि फीत आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडातून हळूहळू फिरवावी लागते. झाकण उघडताना छोट्या स्प्रिंगा आणि रूळ उडतात, ते सापडले नाहीत तर कवच बसत नाही. काम देताना ‘बुरशीच्या कॅसेटसाठी वेगळे मशीन ठेवता का?’ हा एक प्रश्न विचारा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

स्वच्छ कॅसेट घरी उतरवता येतात. आधी प्रत्येकीच्या मागच्या कडेची छोटी प्लास्टिक पट्टी मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. व्हीसीआर बराच काळ बंद असेल तर बिनमहत्त्वाची एखादी कॅसेट घालून फीत खात नाही ना ते पाहा. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, ताण सारखा होतो. पिवळी, लाल, पांढरी वायर यूएसबी कॅप्चरला (व्हीसीआरचे चित्र संगणकात उतरवणारे छोटे यंत्र) लावा आणि सेटिंगमध्ये पाल, म्हणजे आपल्याकडची टीव्ही-पद्धत, निवडा. अनेक कॅप्चर एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर, ठेवलेली येतात. तसेच राहिले तर चित्र काळे-पांढरे येते किंवा वर सरकत राहते, आणि लोक कॅसेट खराब झाली असे समजून टाकून देतात. मोजमाप 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम. चित्राच्या खाली पट्टे दिसले तर व्हीसीआरचे ट्रॅकिंगचे बटण फिरवा. चांगल्या प्रतीच्या फाइलला तासाला साडेतीन-चार जीबी लागतात. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, जास्त वेगाने होत नाही. म्हणून चवथीच्या आदल्या दिवशी सुरू करू नका. दर अर्ध्या तासाने फाइलमध्ये ओठ आणि आवाज जुळतात का ते तपासा. जुन्या फितीचा सिग्नल हलतो, कॅप्चर फ्रेम गाळते आणि आवाज हळूहळू पुढे-मागे जातो. तसे झाले तर अर्ध्या-अर्ध्या तासाचे वेगळे तुकडे करा.

दाखवताना पूर्ण भाग लावू नका, एका कॅसेटमधली दोन-तीन मिनिटे पुरेत. आणि मालिकेपेक्षा मधला भाग शोधा: जाहिराती, निवेदिका, ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी. मालिका आज कुठेही मिळते, पण त्या संध्याकाळी मधे काय लागले होते ते बहुधा कोणीच जपलेले नाही. घरात दाखवायला हरकत नाही. यूट्यूबवर मात्र मालिका चढवू नका, तिचे हक्क दुसऱ्याचे आहेत. उतरवलेल्या फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, एक फोंड्याला ठेवा आणि एक चवथ आटोपून मुंबईला परतणाऱ्या भाऊजींकडे द्या. सफाईला गेलेल्या कॅसेट परत आल्या की माळ्यावर नेऊ नका. त्या आता कपाटात, जमिनीपासून उंच, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी.